अंधारात पास झालेली गाडी

महूच्या शालिनी मेश्राम यांनी मला ग्रॅज्युएट केलं. डिग्रीवर नाव माझं छापलं आहे, पण ती छापणाऱ्यांची सोय. तिथे दोन नावांची जागा हवी होती.

मी चोपड्याचा, जळगाव जिल्ह्यातला. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजच्या इमारतीत फक्त एक काका शिरले होते, तेही भिंतींना रंग द्यायला. मी इंजिनिअरिंगला इंदूरला आलो तेव्हा माझे सगळे दाखले मराठीत होते आणि खिडकीवरच्या बाबूला ते वाचण्याची अजिबात इच्छा नव्हती. मी त्याच्याशी हिंदीत भांडत होतो. निदान मी त्या भाषेला तेव्हा हिंदी समजत होतो. मागच्या टेबलावरून हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "मराठीत भांड, मला समजेल." त्याच शालिनी मेश्राम. त्यांनी एकेका दाखल्याचं भाषांतर स्वतः केलं, सही-शिक्के आणले, हॉस्टेलच्या फॉर्मवर 'स्थानिक पालक' म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि रविवारी जेवायला महूला ये म्हणाल्या. मी गेलो, आणि पुढे डिग्री मिळून सांवेर रोडच्या कारखान्यात नोकरी लागली तरी जातच राहिलो. ऑफिसात त्या मॅडम, घरी मावशी. चौदा एप्रिलला महूत माणसांचा पूर येतो, तेव्हा त्यांच्या अंगणात उतरलेल्या पाहुण्यांना पाणी देणं हे माझं काम असे. ते मी नापास न होता दर वर्षी केलं.

मावशींच्या घरात तीन पिढ्यांची फौजेतली नोकरी. मेश्राम काकांचं निम्मं आयुष्य पहाडात पोस्टिंगवर गेलं आणि मावशींचं त्यांच्यासाठी स्वेटर विणण्यात. जो बर्फ त्यांनी कधी बघितला नाही त्याच्या मापाचे स्वेटर. रिटायर झाल्यावर मावशींनी ठरवलं की आता तो बर्फ स्वतः बघायचा. पण हॉटेलात दुसऱ्याने पांघरलेली रजाई त्यांना चालत नाही. अशात मी एका रविवारी जेवताना, जरा ऐटीतच, सांगून बसलो की आमच्या कारखान्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी बनतेय. मावशींनी पहिली गाडी बुक केली. काका म्हणाले, थंडी मी सरकारी खर्चाने भरपूर खाल्ली आहे, घरच्या खर्चाने खाणार नाही. ते नेहमीप्रमाणे बहुमताने फेटाळण्यात आलं.

मग मावशींमधली हेडक्लार्क जागी झाली. त्यांनी अट घातली: गाडी ताब्यात घेण्याआधी मी आणि माझ्या साहेबांनी ती बर्फात नेऊन, तिच्यात झोपून दाखवावं. "आणि येऊन मला सांग. तू सांगशील ते मी मानेन."

हा प्रवास त्या एका वाक्यासाठी झाला. बाकी हिमालय वगैरे होताच.

सांवेर रोड

आमच्या कारखान्यात थंड गाड्या बनतात. दुधाच्या, आइस्क्रीमच्या, लशींच्या. मालक मनोज भिया; इंदुरात भैयाचा भिया होतो आणि सगळेच एकमेकांचे भिया असतात. त्यांचं घराणं मराठी, इंदूरला येऊन पिढ्या झाल्या. त्यांची मराठी, आई समोर असली की, शुद्ध असते; बाकी वेळी ती हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चालते. मोबाईलवर परदेशी लोकांच्या घर-गाड्यांचे व्हिडिओ बघून त्यांना साक्षात्कार झाला. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "भिया, आपण थंडी आत ठेवतो की नाही? मग तीच थंडी बाहेर ठेवायची. फक्त डायरेक्शन चेंज." एवढ्या मोठ्या शोधाला एवढंसं वाक्य पुरलं.

आमच्याकडे गाडी तपासायची एक पद्धत आहे, भियांच्या वडिलांनी घालून दिलेली. तिला 'अंधार चेक' म्हणतात. बॉडी तयार झाली की एका माणसाने आत बसायचं, दार लावून घ्यायचं, आणि बाहेरून बॉडीवर हॅलोजनचा झोत फिरवायचा. आत सुईच्या टोकाएवढाही उजेड दिसला तर गाडी नापास. सगळं ठार काळं असेल तर पास. आत बसणारा माणूस मी. माझ्या उच्च शिक्षणाचा कारखान्याला झालेला हा मुख्य उपयोग. अंधार ओळखण्यात आज मध्य प्रदेशात माझा हात धरणारा कोणी नसेल.

घर-गाडीच्या ड्रॉइंगमध्ये मी दोन भोकं दाखवली होती. एक छताला, एक खाली, हवा खेळती राहावी म्हणून. भियांनी ड्रॉइंग बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी देव्हाऱ्यात चप्पल ठेवली. आमच्या धंद्यात भोक म्हणजे पाप. मी म्हणालो, भिया, दूध श्वास घेत नाही, माणसं घेतात. त्यांनी थोडा विचार केला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकी होती खरी. रबराची जाड कड असलेली, एकदा सरकवून बंद केली की तिजोरीसारखी बसणारी. तिलाही अंधार चेक पास करायचा होता.

गाडी पास झाली. मीच केली. मागच्या बाजूला पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'हवा भी पूछ के आती है.' नारळ फोडायला खजराण्याच्या गणपतीला नेली तेव्हा तिथल्या हारवाल्याने विचारलं, आइस्क्रीम कोणतं आहे.

रस्त्यावर

इंदूर ते हरिद्वार या रस्त्याचं वर्णन मी करणार नाही. तो रस्ता आहे आणि तो संपतो, एवढं वाचकाला पुरे. सांगण्यासारखं इतकंच की पांढरी, चौकोनी, बिनफटींची गाडी भारतात कुठेही उभी केली की लोक तिच्याकडे रिकामं भांडं घेऊन येतात. आग्र्याच्या अलीकडे एका लग्नघरातल्या माणसाने पनीर मागितलं. नाही म्हटल्यावर, आम्ही ते दुसऱ्या लग्नाला देणार आहोत असा त्याचा समज झाला आणि तो आम्हाला बरंच काही बोलला. पहाड लागला तिथे पोलिसाने गाडी अडवून 'माल क्या है?' विचारलं. भिया अभिमानाने म्हणाले, "माल हम ही हैं." पुढची तपासणी त्या वाक्यामुळेच लांबली.

हरिद्वारला भियांनी गॅसवरचा हीटर घेतला. छोट्या सिलिंडरच्या डोक्यावर बसणारा, लाल जाळी तापवणारा. मी म्हणालो की डिझेलवर चालणारे हीटर येतात, त्यांचा धूर पाइपाने गाडीच्या बाहेर जातो. पाइप कुठून जातो, त्यांनी विचारलं. भोकातून, मी म्हणालो. विषय संपला.

आम्हाला जायचं होतं चोपत्याला. उत्तराखंडात, केदारनाथाच्या वाटेवरून जरा बाजूला, बर्फासाठी प्रसिद्ध. हे नाव मी घरी फोनवर सांगितलं आणि पस्तावलो. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला; मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांना शब्दाचा शेवट ऐकू येत नाही. ते म्हणाले, "चोपड्यात आलास नि घरी नाही आलास?" मी म्हणालो, चोपता, बाबा, चोपता, तिथे बर्फ आहे. ते म्हणाले, इथे तर काही नाही, ऊन आहे. मग आई फोनवर आली. तिने भरताची वांगी भाजायला टाकली होती. हिमालयाच्या पायथ्याशी उभं राहून मी माझ्या आईला पटवत होतो की मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभा नाहीये. तिला ते आजही पूर्ण पटलेलं नाही.

दुगलबिट्टा

चोपत्याच्या थोडं अलीकडे, दुगलबिट्ट्याला रस्ता बर्फाने बंद होता. तिथेच गाडी लावली. समोर चौखंबा. चार शिखरं अशी जवळ उभी होती की बोलताना आवाज आपोआप खाली यावा. भियांचा आला नाही. ते म्हणाले, "भिया, क्या पफ है!" आमच्या भिंतींच्या आत जो पांढरा फेस भरतात त्याला पफ म्हणतात. कारखानदाराला निसर्गाची यापेक्षा मोठी स्तुती करता येत नाही.

रस्त्याकडेला एक ढाबा उघडा होता. चालवणाऱ्या बाईंना सगळे बिष्ट दीदी म्हणत. त्यांनी आमच्या गाडीला एक चक्कर मारली, दारावर बोटाने टकटक केली आणि विचारलं, "यहाँ फ्रिज बेचने आए हो, भैया?" घर आहे असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. शहरातला माणूस दुरून काय काय घेऊन येतो हे त्यांना सवयीचं असावं.

दीदींकडचं जेवण मात्र थट्टेचा विषय नाही. गहतची डाळ वाढली, ती आमचे हुलगे निघाली. मंडुव्याची रोटी म्हणजे नाचणीची भाकरी. आणि झंगोऱ्याची खीर, जी खाऊन मी बराच वेळ आठवत राहिलो की हे कुठे खाल्लंय. ती भगर होती. आमच्याकडे भगर खायला एकादशी लागते, इथे लोक ती सरळ आवडते म्हणून खातात. एवढं धाडस आमच्या घरात अजून कोणी केलेलं नाही. भियांनी खिशातून पुडी काढून डाळीवर शेव आणि जीरावन मसाला भुरभुरला. इंदूरचा माणूस हे दोन पदार्थ घेतल्याशिवाय शहराची हद्द ओलांडत नाही. दीदी आधी नाक मुरडून बघत होत्या. मग त्यांनी आपली वाटी पुढे केली, आणि दुसऱ्या दिवशी ती पुडी दीदींकडे होती आणि भियांनी दुसरी काढली होती.

त्या रात्री आम्ही हीटर न लावता झोपलो. भियांचं म्हणणं होतं की बॉडीला स्वतःला सिद्ध करू द्यावं. झोपण्याआधी बंद गाडीत चहा उकळला, दोनदा. पहाटे माझ्या नाकावर थेंब पडला. मग कपाळावर. मग भियांच्या तोंडात, कारण ते घोरत होते. छताला थेंबांची रांग लागली होती, भिंती ओल्या, गादी भिजलेली, आणि खिडकीच्या रबरावर बर्फाचा पांढरा थर जमला होता. भिया उठले ते थेट छतावर चढले, गळती शोधायला. वर कोरडा, घट्ट बर्फ होता. गळती नव्हतीच. गाडी इतकी टाइट होती की आमचाच श्वास रात्रभर छताला चिकटून पहाटे आमच्या अंगावर पडत होता. इंदूरला पाऊस पडायला निदान ढग तरी लागतो.

मी हे समजावून सांगितलं. भियांनी नीट ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला की उष्णता कमी पडली.

पोहे

गादी दीदींच्या चुलीजवळ वाळत पडली. दुसरी रात्र आम्ही गाडीतच स्लीपिंग बॅगेत काढली. झोपेपर्यंत हीटर चालू ठेवला, मग गॅस पुरावा म्हणून भियांनी तो बंद केला. आज वाटतं, भियांच्या काटकसरीचे आमच्यावर मोठे उपकार आहेत.

सकाळी वारा सुटला होता. भियांना मावशींसाठी व्हिडिओ करायचा होता. बाहेर बर्फ, आत ऊब, आणि हातात इंदुरी पोहे. दार बंद, खिडकी बंद, हीटर चालू, शेगडी चालू. इंदुरी पोहे वाफेवर ठेवतात हे ज्याने ते खाल्लेत त्याला माहीत आहे: खाली पाण्याचं पातेलं उकळत असतं, वर पोह्यांची परात, आणि पोहे दुपारपर्यंत मऊ राहतात. भियांची थिअरी अशी होती की वाफेने पोहे गरम राहतात तर माणसंही राहतील. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच गाडीत छान वाटत होतं. भियांनी टोपी काढली, जॅकेट काढलं, स्वेटर काढला आणि मोबाईल फळीवर उभा करून ते बनियनवर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

"मेश्राम मॅडम, देखिए. बाहर बर्फ, अंदर बनियान."

शेगडीची ज्योत निळी होती ती हळूहळू पिवळी झाली. भिया म्हणाले, कॅमेऱ्यात मस्त दिसतेय. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, बाहर बर्फ, अंदर बनियान. मला वाटलं दुसरा टेक असेल. पण ते परत म्हणाले, आणि परत, आणि प्रत्येक वेळी आधी म्हटलंच नाही अशा चेहऱ्याने. मग विचारलं, जीरावन कुठे ठेवलं. ते त्यांच्या हातात होतं. माझं डोकं कोणीतरी दोरीने आवळत असल्यासारखं झालं होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. खरी भीती त्यातच आहे. सगळं उबदार असतं आणि काहीच करावंसं वाटत नाही.

तरी मी शेगडी बंद केली, हीटर बंद केला. तेवढं शिक्षण शिल्लक होतं. खिडकी सरकवायला गेलो तर सरकेना. आमचीच वाफ रात्रीत रबरात गोठून बसली होती. दाराचं हँडल ओढलं, तेही जागचं हललं नाही. मागे भिया खाली बसले होते, भिंतीला टेकून, हसत. मी दारावर लाथा मारल्या. किती जोरात ते सांगता येत नाही. मला त्या फार मोठ्या वाटत होत्या, पण दीदी नंतर म्हणाल्या की कोणी हळूच दार वाजवतंय असं वाटलं. त्या वाळलेली गादी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी बाहेरून खटका ओढला.

दार उघडलं आणि मी बर्फात पडलो. दीदींनी आणि रस्त्यावरच्या आणखी एका माणसाने भियांना काखेत धरून बाहेर ओढलं. बनियनवर, बर्फात. ते बराच वेळ उलट्या करत होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की पोहे करपले का.

फळीवरचा मोबाईल सगळं रेकॉर्ड करत होता.

दीदींच्या ढाब्यावर

दुपारपर्यंत आम्ही दीदींच्या ढाब्यावर शाल पांघरून बसून होतो. दीदींनी चहा दिला आणि कुठलाही उपदेश केला नाही. त्या फक्त जाता येता आमच्या गाडीकडे बघत आणि तिचं दार उघडंच आहे ना याची खात्री करून घेत.

भिया म्हणाले की पहाडाची हाइट लागली. मी म्हणालो, हाइट कालही एवढीच होती. मग ते मोबाईलवरचा व्हिडिओ बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाले की सुरुवातीचा भाग छान आलाय, तेवढा कापून मॅडमना पाठवू.

मला आधी वाटलं की ते थट्टा करतायत. ते करत नव्हते.

"भोक पाडल्याशिवाय ही गाडी त्यांना देता येणार नाही, भिया."

"देख योगेश, डिलिव्हरी होऊ दे. मग सर्विसिंगला गाडी येईल, तेव्हा छेद करून देऊ. फ्री."

"तोवर त्या तिच्यात झोपतील."

"खिडकी उघडी ठेवून झोपतील ना."

"आपल्याला उघडता आली?"

 त्यांनी वडिलांचा विषय काढला. पापांनी उजेड दिसला म्हणून एकसुद्धा गाडी गेटबाहेर जाऊ दिली नाही, त्याच नावावर धंदा उभा आहे, मागच्या दारावर ते वाक्य लिहिलंय, बाकीची बुकिंग त्या वाक्यावर आली आहेत. आता स्वतःच्या हाताने बॉडीला भोक पाडायचं म्हणजे काय ते तुला नाही कळणार. हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे खरंच भरले होते, आणि ते गॅसमुळे नव्हतं.

"पापांच्या गाडीत दूध होतं, भिया. हिच्यात मावशी झोपणार."

"मावशी कोण?"

त्यांच्यासाठी त्या अजून मेश्राम मॅडम होत्या, पहिलं बुकिंग. मी सगळं सांगितलं. खिडकीवरचा बाबू, दाखले, रविवार, पालक म्हणून लिहिलेलं नाव. त्यांनी ऐकलं. मग शाल नीट करत म्हणाले, "तू काम माझ्याकडे करून राहिला की तिच्याकडे?"

"काम तुमच्याकडे करतो. करण्यालायक झालो ते त्यांच्यामुळे."

दीदी चहाचे ग्लास उचलायला आल्या आणि गाडीचं दार पुन्हा एकदा बघून गेल्या.

परतताना

उतरताना भियांनी केबिनच्या दोन्ही काचा पूर्ण खाली ठेवल्या. दात वाजत होते तरी वर केल्या नाहीत. माणसाच्या छातीला जे समजलं ते त्याच्या धंद्याला समजायला वेळ लागतो, असं मी मनात म्हणत होतो आणि थोडी आशा धरून होतो. हरिद्वारला नेटवर्क आलं. भियांनी व्हिडिओ कापून पाठवून दिला.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. खूश होत्या. तुझे साहेब तर बनियनवर उभे आहेत रे, म्हणाल्या, काकांना दाखवलं, तेही तयार झाले. मी म्हणालो, मावशी, गाडीत हवेची अडचण आहे. त्या हसल्या. तू पहिल्यापासून घाबरट, म्हणाल्या, परीक्षेचा निकाल लागल्यावरही तू तो तीन वेळा बघून यायचास. मी पुन्हा सांगायला लागलो, पण भिया शेजारीच बसले होते, आवाजात जोर येईना, आणि मावशींनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या की खरंच काही तक्रार असेल तर लेखी दे. तोंडी सांगितलेल्याचं पुढे काय होतं ते मी ऑफिसात आयुष्यभर बघितलंय.

इंदूरला पोहोचलो त्या दिवशी भिया मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे म्हणाले की मॅडमना सांगायचं असेल तर सांग, पण कारखान्याचा माणूस म्हणून सांगू नको. अर्थ स्पष्ट होता: सांगायचं तर नोकरी सोडून. गाडी बाहेर अंगणात उभी होती आणि पोऱ्ये तिला पुसत होते, डिलिव्हरीसाठी.

खालचं पत्र मी त्याच दुपारी लिहिलं आणि स्वतः महूला जाऊन, मावशी बाजारात गेल्या असताना, त्यांच्या दारात टाकलं. समोर उभं राहून देण्याचं धाडस नव्हतं.

*

प्रति,
श्रीमती शालिनी मेश्राम,
महू.

विषय : बुक केलेली गाडी ताब्यात न घेण्याबाबत.

मावशी,

वरील विषयान्वये कळवतो की तुम्ही पाहिलेला व्हिडिओ अर्धा आहे. उरलेल्या अर्ध्यात मनोज भिया जमिनीवर बसलेले आहेत आणि मी दारावर लाथा मारतो आहे. दार आतून उघडलं नाही. ते एका बाईंनी बाहेरून उघडलं. त्या गादी द्यायला आल्या होत्या म्हणून. आल्या नसत्या तर हे पत्र तुम्हाला दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं.

बंद गाडीत शेगडी किंवा गॅसचा हीटर जळला की हवेतला प्राणवायू संपतो आणि विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला बरं वाटत असतं, काकांना तर झोपेतच बरं वाटलं असतं. या गाडीला छतात एक आणि खाली एक, अशी कायम उघडी राहणारी दोन भोकं हवीत. दार आतून कुठल्याही थंडीत उघडलं पाहिजे. हीटर असा हवा की ज्याचा धूर बाहेर जातो, आणि वायू साठला तर वाजणारी घंटा हवी. हे सगळं झालं तर गाडी तुम्हाला हवी तेवढी गरम राहणार नाही. रात्री गरम पाण्याची पिशवी घ्यावी लागेल, सकाळी अंथरुणातून निघवणार नाही. पण सकाळ होईल.

भिया वाईट नाहीत. त्यांना भोक पाडवत नाही. वेळ लागेल. तोवर कोणी काहीही म्हणालं, सर्विसिंगला करून देऊ म्हणालं, खिडकी उघडी ठेवा म्हणालं, तरी चावी घेऊ नये. तुम्ही ही गाडी मी बनवली म्हणून बुक केली होती. मी बनवली म्हणूनच सांगतो, घेऊ नका.

राजीनामा या पत्रासोबत जोडलेला नाही. तो भियांच्या टेबलावर ठेवून आलो आहे. त्याचं ते काय करतात हे अजून कळलेलं नाही, आणि त्याचा तुमच्या निर्णयाशी संबंध नाही.

कृपया फोन करू नये. फोनवर तुम्ही मला समजवाल आणि मी समजेन. बुकिंग रद्द करून, हे पत्र मिळाल्याची लेखी पोच द्यावी.

आपला विश्वासू,
योगेश